ही एक बसवतो आणि उठतो

एप्रिल अर्धा सरला की जर्मनीतल्या मराठी घरांत दोन पाहुणे येतात: पांढरी शतावरी आणि आईवडील. शतावरीला इथे श्पार्गेल म्हणतात आणि परंपरेप्रमाणे ती २४ जूनपर्यंत मिळते. आईवडिलांना शेंगेन व्हिसाच्या नियमाने नव्वद दिवस मिळतात. दोघांचीही वर्षभर वाट पाहिलेली असते, दोघे आले की स्वयंपाकघराची व्यवस्था बदलते आणि दोघे गेले की चुकल्या-चुकल्यासारखं होतं. फरक एवढाच, की शतावरीला तीस हजार युरोंचा विमा लागत नाही.

आमच्याकडे येतात ते तात्या. तात्या हे नाव नव्हे, ते पद आहे. कुणाकडे त्या पदावर अण्णा असतात, कुणाकडे बाबा, कुणाकडे नुसतेच 'आमचे सासरे'. माझ्याकडचे तात्या नगररचना खात्यातून निवृत्त झालेले आरेखक आहेत. शहराचा विकास आराखडा करतात, त्याचा रंगीत नकाशा काढणारे ते. पिवळा म्हणजे रहिवासी, निळा म्हणजे व्यापारी, जांभळा म्हणजे कारखाने आणि हिरवा म्हणजे बाग. सातारा, सांगली, सोलापूर करत तात्यांनी आयुष्यभर हे रंग भरले. त्या रंगांप्रमाणे जमिनीवर काय झालं हा वेगळा विषय आहे. तो पुढे येईलच, कारण तात्या तो काढल्याशिवाय राहत नाहीत.

पहिला पंधरवडा ठीक जातो. ऱ्हाइन नदीतली बोट, ब्लॅक फॉरेस्टमधलं कोकिळेचं घड्याळ, नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा. ("बाहेरून बरा आहे. आत पाण्याची टाकी कुठे ठेवली असेल?") मग आमची रजा संपते. आम्ही कामावर, नात शाळेत, बाहेर पाऊस, आणि घरात तात्या, माझ्या सासूबाई माई आणि जर्मन भाषेतलं वर्तमानपत्र. या टप्प्यावर आलेल्या वडिलांचे प्रकार पडतात. काही रोज एकाच तळ्याला चकरा मारून बदकं मोजतात. काही फुलांचे फोटो काढून गावाकडच्या गटावर टाकतात आणि खाली स्वतःच 'सुप्रभात' लिहितात. आणि काही तात्यांसारखे असतात, त्यांना काम लागतं. काम दिलं नाही तर ते शोधून काढतात आणि ते काम बहुधा आपल्या कपाटात निघतं.

आमची कपाटं वाचावीत म्हणून बायकोने एका पावसाळी दुपारी लॅपटॉपवर त्यांना एक खेळ लावून दिला. नाव डॉर्फरोमांटिक. बर्लिनच्या एचटीडब्ल्यू या संस्थेतल्या चार विद्यार्थ्यांनी तो केलेला. २०२१ च्या मार्चमध्ये तो पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला आला आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाला. ही माहिती तात्यांनी लक्षपूर्वक ऐकली. "म्हणजे अर्धवट कामाचं उद्घाटन इथेही करतात," ते समाधानाने म्हणाले. मग थोडं थांबून, जरा नाराजीनेच, "पण नंतर पूर्णही करतात."

खेळ साधा आहे. षटकोनी फरश्यांची एक चळत असते. प्रत्येक फरशीच्या सहा कडांवर काही ना काही असतं: जंगल, शेत, घरं, गवत, नदी, रूळ. वरची फरशी उचलायची, फिरवून बघायची आणि पटावरच्या फरश्यांना चिकटवून ठेवायची. जंगलाला जंगल लागलं, घराला घर लागलं की गुण. सहाच्या सहा कडा जुळल्या की खेळ एक फरशी वर बक्षीस देतो. मधूनच एखादं जंगल सांगतं, मला इतकी झाडं करून दे; एखादी वस्ती म्हणते, इतकी घरं. ते जमलं की आणखी फरश्या. चळत संपली की खेळ संपला. घड्याळ नाही, शत्रू नाही, कुणी कुणाला मारत नाही. एक छोटी आगगाडी मात्र रुळांवरून फिरत असते आणि एखाद्या झाडीत हरणं उभी असतात.

तात्यांनी पहिला डाव खेळला तेव्हा ते गप्प होते. दुसऱ्या डावात त्यांना खेळाचा कायदा सापडला. शेताला घर लावलं तर खेळ काही म्हणत नाही, फक्त गुण देत नाही. जंगलाला शेत लावलं तरी तसंच. पण नदीला फक्त नदी लागते आणि रुळाला फक्त रूळ. तिथे दुसरं काही ठेवायला गेलात तर खेळ फरशी ठेवूच देत नाही. तात्यांनी मुद्दाम करून पाहिलं. नदीच्या तोंडावर घरं ठेवायचा प्रयत्न केला, या बाजूने, त्या बाजूने. नाहीच. खुर्चीत मागे टेकून त्यांनी चष्मा काढला.

"जावईबापू, ओढ्यावर बांधकाम करूच देत नाही हा."

"हो, तसा नियम आहे."

"नियम आपल्याकडेही आहे. हा करू देत नाही!"

२०१९ च्या सप्टेंबरात पुण्यात आंबील ओढ्याच्या पुराने एका रात्रीत काय केलं, हे तात्यांना नकाशासकट पाठ आहे. त्या दुपारपासून तो खेळ त्यांच्यासाठी खेळ राहिला नाही. ते कार्यालय झालं.

कार्यालय सकाळी साडेनवाला उघडतं. अंघोळ, पूजा, पोहे, मग इस्त्रीचा शर्ट. घरात बसून लॅपटॉपवर गाव वसवायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं माईंनी एकदाच विचारलं. उजव्या हाताला चहा, डाव्या हाताला वही. वही पुण्याहून आणलेली, दोनशेपानी, समास आखलेली. कारण या खेळात एक त्रुटी आहे: तो गावांना नावं देत नाही. तात्या देतात. पहिली मोठी वस्ती वडगाव बुद्रुक. तिच्यापासून नदीने तुटलेली ती वडगाव खुर्द. चारच घरं असतील तर वाडी. जंगलाच्या पलीकडे एकटी पडलेली दोन घरं म्हणजे वस्ती, आणि त्या वस्तीवर कोण राहत असेल याचीही तात्यांना साधारण कल्पना असते. ("भावाशी पटलं नसणार.") रुळावरचं स्टेशन गावापासून लांब पडलं तर नाव 'वडगाव रोड'. साताऱ्यात नोकरी केलेल्या माणसाला सातारा रोड स्टेशन साताऱ्यापासून किती लांब आहे हे सांगावं लागत नाही. वहीत प्रत्येक पानावर कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. पडद्यावरच्या नकाशाला उत्तर नसते, हे मी सांगून पाहिलं. "तुम्हाला सापडली नसेल," ते म्हणाले.

प्रत्येक महत्त्वाच्या फरशीआधी ते खणखणीत आवाजात जाहीर करतात, "हरकती आणि सूचना!" घरात जो असेल त्याने यायचं, पडद्याकडे बघायचं आणि मत द्यायचं. मी एकदा म्हटलं, ही डावीकडे लावा, तिथे तीन कडा जुळतायत. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "हरकत प्राप्त झाली. सुनावणी झाली. अमान्य." आणि फरशी जिथे ठेवायची होती तिथेच ठेवली. बायको म्हणाली, मग विचारता कशाला? त्यावर तात्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "विचारावं लागतं. कायद्यात आहे."

त्यांचं दुसरं वाक्य अधिक धोकादायक आहे: "ही एक बसवतो आणि उठतो." पोळ्या गार होतात, भाजीवर साय येते, दारात टॅक्सी उभी राहते, आणि तात्या ही एक बसवत असतात. त्यात लबाडी अजिबात नसते. त्यांचा खरोखर तोच विचार असतो. पण ती एक बसली की सहाही कडा जुळतात, खेळ एक वर देतो, आणि फुकट मिळालेली वस्तू तशीच टाकून उठणं हे मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या रक्तात नाही.

माईंचं तंत्र निराळं. त्यांच्या फोनवर 'टाऊनशिप' आहे. तिथेही शहरच वसवायचं असतं, पण ते गहू पेरून, गाईचं दूध विकून, आणि मधूनमधून रंगीत चौकोन तिनातिनाने जुळवून फोडत. माई ते कढीला उकळी येईपर्यंतच्या वेळात करतात. विचार करत नाहीत, थांबत नाहीत, बोट नुसतं फिरतं आणि समोर फटाके वाजतात. त्यांच्या शहरात विमानतळ झाला, प्राणिसंग्रहालय झालं. त्यांच्या भिशीतल्या सगळ्या मैत्रिणी तिथे एकमेकींच्या मदतीला धावतात. तात्यांनी एकदा ते शहर चष्मा पुसून पाहिलं. "प्राणिसंग्रहालयाला लागून बेकरी?" माई म्हणाल्या, "खप चांगला आहे." तात्यांनी पुढे चौकशी केली नाही. एका घरात दोन नियोजन प्राधिकरणं असली की हद्दीचे वाद टाळलेले बरे.

खरा विरोधी पक्ष म्हणजे आमची आठ वर्षांची लेक. ती जर्मन शाळेत जाते आणि तिथून तिने एक शब्द आणला आहे, 'एगाल'. मोजे वेगवेगळ्या रंगांचे आहेत? एगाल. वरणात भात आधी की भातात वरण? एगाल. ती तात्यांच्या मांडीवर बसून दोन सेकंदांत फरशी ठेवते. शेताला जंगल, जंगलाला घर, काहीही.

"अगं चिमणे, जुळत नाहीये."

"एगाल, आजोबा. बघा, हरणांना घर मिळालं."

तात्यांनी हरणांकडे पाहिलं. वहीत नोंद केली: 'वडगाव खुर्द, पूर्व बाजू, अनधिकृत.' मग कंस करून, 'हरणे. नियमित करावे.' त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत त्यांनी स्वखुशीने नियमित केलेलं हे पहिलं अतिक्रमण असावं.

खेळ पडद्यापुरता राहिला असता तर मी हे लिहिलं नसतं. पण तात्यांसारख्या माणसाला एकदा कडा दिसायला लागल्या की सगळीकडे दिसतात. भांडी घासायच्या यंत्रात मी कप ठेवतो. ते मी खोलीबाहेर गेल्यावर परत काढून लावतात, कान एका दिशेला, मोठ्या ताटल्या मागे, आणि मग हाक मारतात, "बघा, दोन वाट्यांची जागा निघाली." ती जागा भरायला दोन स्वच्छ वाट्या कपाटातून काढून आणतात. फ्रीजमध्ये दह्याचे डबे नावं बाहेर करून उभे असतात. कचऱ्याचे चार डबे, तपकिरी ओल्याचा, निळा कागदाचा, पिवळा वेष्टनांचा आणि काळा उरलेल्याचा, ही त्यांच्या दृष्टीने जर्मनीची सर्वांत मोठी सांस्कृतिक कामगिरी. "रंग ठरवलेत आणि लोक त्याप्रमाणे टाकतात," हे ते फोनवर पुण्याला सांगतात तेव्हा त्यांचा आवाज किंचित जड होतो.

बाटल्या परत करायचं यंत्र हे तर तीर्थक्षेत्र. प्लास्टिकच्या एका बाटलीमागे पंचवीस सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्राच्या भोकात बाटली टाकली की ते ती फिरवून पट्ट्या वाचतं आणि पावती देतं. तात्या बाटलीची पट्टी आधीच योग्य बाजूला करून देतात, म्हणजे यंत्राला त्रास नको. मागे रांग लागते. रांगेतले लोक जर्मन असल्यामुळे काही बोलत नाहीत, फक्त घड्याळ बघतात. तात्यांना वाटतं, ते कौतुकाने बघतायत.

पण एक जण खरोखरच कौतुकाने बघत होता. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा. कारखान्यातून निवृत्त, बायको वारलेली. जिन्याचा कठडा रोज पुसणारे. इंग्रजी दहा शब्द, तात्यांची जर्मन त्याहून दोनने कमी. त्यांनी एकदा आमच्या दारातून तात्यांचा लॅपटॉप पाहिला, काही न बोलता खाली गेले आणि एक खोकं घेऊन वर आले. डॉर्फरोमांटिकचा पुठ्ठ्याचा खेळ! पडद्यावरच्या खेळावरून मिखाएल पाल्म आणि लुकास त्साख यांनी तो पटावर आणला आणि २०२३ साली त्याला 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, हा मान मिळाला. हा देश १९७९ पासून दरवर्षी असा एक खेळ निवडतो आणि खोक्यावर लाल सोंगटीचं चिन्ह छापतो. मग ते चिन्ह बघून नाताळात लाखो घरांत ते खोकं जातं. षटकोनी नसल्या तरी फरश्या जुळवून गावं, रस्ते आणि मठ करायच्या 'कार्कासोन'लाही २००१ साली तोच मान मिळाला होता. कडा जुळवून आनंद मिळवणारी माणसं इथे घाऊक आहेत, तात्या फक्त चुकीच्या देशात जन्मले.

या पटावरच्या खेळात कुणी कुणाला हरवत नाही. सगळे मिळून एकच मुलूख रचतात. रविवारी दुपारी दोघं समोरासमोर बसतात. रविवार इथे शांततेचा दिवस. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत. अशा दिवशी पुठ्ठ्याची फरशी ठेवण्याइतपतच आवाज शोभतो. एक जण फरशी उचलतो, दुसरा बोट दाखवतो, पहिला मान हलवतो, फरशी फिरते. तासाभरात तीन शब्द. माई म्हणाल्या, "चाळीस वर्षं माझ्याशी इतकं गप्प बसून बोलले नाहीत."

आजोबांनी मग त्यांना आपल्या बागेत नेलं. गावाबाहेर रेल्वेच्या कडेने या भाड्याच्या बागांचे तुकडे असतात. त्यांच्यासाठी १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे. एक तुकडा चारशे चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा. त्यातली झोपडी ओसरी धरून चोवीस चौरस मीटरच्या वर जाऊ नये. भाज्या आणि फळांना साधारण एक तृतीयांश जागा हवी. तात्यांनी ओळीने उभ्या असलेल्या त्या झोपड्या पाहिल्या. मग एका झोपडीची रुंदी पावलांनी मोजली. मग शेजारची मोजली. मग तिसरी.

"चोवीसच आहे हो," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "प्रत्येकाची! कुणी मागच्या बाजूला न्हाणीघर काढलं नाही. वर पत्रा टाकून खोली वाढवली नाही. यांना लग्नाची मुलं नसतात का?"

हा परमानंद आणखी वाढावा म्हणून आम्ही त्यांना कार्ल्सरुहला नेलं. १७१५ साली कार्ल विल्हेल्म नावाच्या संस्थानिकाने जंगलात मधोमध एक मनोरा उभारला आणि तिथून चहूबाजूंना बत्तीस सरळ रेषा काढल्या. त्यांतल्या दक्षिणेकडच्या रेषांचे रस्ते झाले, त्यांवर शहर वसलं. नकाशात ते उघडलेल्या पंख्यासारखं दिसतं. बाकीच्या रेषा अजूनही बागेत आणि जंगलातच जातात. शिकारीला गेलेल्या कार्ल विल्हेल्मला झाडाखाली झोप लागली आणि स्वप्नात हा पंखा दिसला, असं सांगतात. मनोऱ्यावर चढून तात्या बराच वेळ उभे राहिले. आम्हाला वाटलं, दम लागला.

"तीनशे वर्षांत एकही रेघ वाकडी केली नाही," ते म्हणाले. "कुणाचा मेहुणा कुठल्याच रेघेवर राहत नव्हता?"

जर्मनीचं घटनात्मक न्यायालय याच शहरात आहे हे कळल्यावर त्यांनी मान डोलावली. जिथे रेघा सरळ, तिथेच न्यायालय, हे त्यांना पटलं. तिथून मानहाइम. त्या शहराच्या मध्यभागी रस्त्यांना नावंच नाहीत, चौकोनी ठोकळ्यांना अक्षर आणि आकडा. पत्ता काय तर क्यू सात. तात्यांनी पोस्टाच्या पेटीवरचा तो पत्ता हाताने चाचपला. येताना आमची गाडी इतकी उशिरा आली, की फलाटावर माईंच्या शहरात आणखी एक पूल झाला. तात्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "खेळातली वेळेवर असते," एवढंच म्हणाले.

तरी सगळं इतकं बसलेलं बघून त्यांना आतून थोडी खंत वाटत असावी, अशी मला शंका होती. ती श्टुटगार्टला गेल्यावर खरी ठरली. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, असं मी सांगितलं. तात्यांनी विचारलं, "मग ही बहीण त्या बहिणीला काही सांगत का नाही?" तेवढ्यात आम्ही स्टेशनाशी पोचलो आणि समोर खड्डा, पत्र्याचं कुंपण, क्रेन, आणि प्रवाशांनी फिरत फिरत जायचा लांबलचक तात्पुरता रस्ता. मी त्यांना 'श्टुटगार्ट २१'ची कथा सांगितली. सोळा रुळांचं टोकाचं स्टेशन मोडून जमिनीखाली आठ रुळांचं आरपार स्टेशन करायचं, ही घोषणा १९९४ ची. काम सुरू झालं २०१० मध्ये, उघडायचं होतं २०१९ मध्ये. खर्च अकरा अब्ज युरोंच्या वर गेला. जुनी झाडं तोडू नयेत म्हणून हजारो लोक बागेत उभे राहिले, पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले, आणि २०११ मध्ये राज्यभर सार्वमत झालं. त्यात प्रकल्प राहिला.

तात्यांच्या चेहऱ्यावर मी जर्मनीत इतका निर्मळ आनंद पाहिला नव्हता.

"म्हणजे हरकती-सूचना घेतल्या."

"घेतल्या."

"सुनावणी झाली."

"झाली."

"आणि काम जसं होतं तसंच!" त्यांनी पत्र्याच्या कुंपणावर मायेने हात ठेवला. "आपलीच माणसं आहेत हो."

त्या संध्याकाळी त्यांनी बागेची गोष्ट सांगितली. आम्हाला ती माहीत होती, पण इतक्या सविस्तर कधी ऐकली नव्हती. एका तालुक्याच्या गावाचा आराखडा. तरुणपणी स्वतः जागेवर फिरून त्यांनी एक तुकडा हिरवा रंगवलेला: कडुनिंबाची झाडं, विहीर, बाजूला शाळा. नकाशात आरक्षण पडलं, बगीचा. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं. तशी नोटीस आली, तशी मुदत गेली. आता तिथे मंगल कार्यालय आहे. तात्या तिथे एका लग्नाला गेले होते. "पंगत बसली होती ना, ते बरोबर मुलांच्या घसरगुंडीवर," ते म्हणाले. "जिलेबी चांगली होती."

कायद्यात कलम ३७ आहे, त्यात 'किरकोळ फेरबदल' करता येतो. तात्यांच्या मते एक-एक किरकोळ फेरबदल करतच शहरं हातची जातात. ते कुणाला दोष देत नाहीत. मालकाचंही बरोबर होतं, पालिकेकडे पैसा नव्हता, हेही ते सांगतात. फक्त हिरवा रंग हाताला लागलेला असतो, तो निघत नाही. खेळात त्यांनी हिरवी फरशी ठेवली की ती हिरवीच राहते. उद्या सकाळी साडेनवाला लॅपटॉप उघडला तरी जंगल जागेवर असतं, शिवाय त्यात हरणं आलेली असतात. अमर्याद फरश्या देणारा एक प्रकारही त्या खेळात आहे. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी तो लगेच बंद केला. "संपणारच नसेल तर आराखडा कशाला करायचा?" मिळालं तेवढ्यातच बसवायचं, हे त्यांचं आयुष्य होतं. त्यातलं बसवणं मात्र कुणीतरी मान्य करायला हवं होतं, आणि ते बर्लिनच्या चार पोरांनी केलं. माझ्या मते त्या खेळाला मिळालेल्या सगळ्या मानांत हा मोठा आहे.

नव्वदावा दिवस येतो. बॅग भरायचं काम अर्थातच तात्यांचं. काट्यावर बावीस किलो नऊशे, आणि उरलेल्या शंभर ग्रॅमांत बसणारी चॉकलेटची वडी शोधायला ते मला दुकानात पाठवतात. खालचे आजोबा दारात येऊन उभे राहतात, तात्यांना खोक्यातली एक फरशी देतात. तात्या ती न्याहाळतात आणि परत करतात. "एक कमी झाली तर तुमचा डाव बसायचा नाही," हे ते मराठीत सांगतात आणि आजोबांना ते कळतं.

तात्या गेल्यावर भांडी घासायच्या यंत्रात मी कप वाटेल तसे ठेवले. दार लागेना. आता कान एका दिशेला करून ठेवतो, पण हे पुण्याला कळता कामा नये.

गेल्या आठवड्यात फोन केला तर माईंनी उचलला. तात्या घरात नव्हते. त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवायचं काम चाललंय, आणि ते ब्लॉक निघाले षटकोनी. लाल आणि राखाडी. तात्या सकाळी साडेनवापासून खाली आहेत, इस्त्रीच्या शर्टात, हातात वही. मुकादम म्हणाला, काका, वरून गाडी उभी राहणार, लाल का राखाडी कोण बघणार? त्यावर तात्यांनी बसलेले अकरा ब्लॉक उचलायला लावले. सोसायटीचे चिटणीस तक्रार करायला गेले, त्यांची हरकत प्राप्त झाली, सुनावणी झाली, अमान्य झाली. पावसाचं पाणी जायला मुकादमाने जी वाट बुजवली होती ती परत उघडली आहे. कामगारांना दोन वेळा चहा वरून जातो आणि त्यांच्यातला एक तरुण पोरगा आता स्वतःच ब्लॉक फिरवून बघतो आणि तात्यांकडे मान वर करून पाहतो.

"मग फोन खाली नेऊन द्या ना," मी म्हटलं.

"नेला होता," माई म्हणाल्या. त्यांच्या बाजूने टाऊनशिपचे फटाके ऐकू येत होते. "म्हणाले, ही एक बसवतो आणि उठतो. मी जेवून घेतलंय. तुम्ही आता दिवाळीला करा."